राणीछाप माळ

परवा नातीने कपाटातून माझ्या आजीची चांदीच्या रुपयांची माळ काढली. "आजोबा, यावर तर व्हिक्टोरिया राणी! तुमची आजी इंग्रजांच्या बाजूची होती का?"

हसू आलं, पण पोरीचं काही चुकलं नव्हतं. गळ्यात ज्याचं चित्र, त्याच्याशी निष्ठा, असं आपण धरूनच चालतो. (आजही लॉकेट पाहून पक्ष ओळखतोच की!)

पण राणीचा रुपया बरोबर एक तोळा भरायचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सोनार तोच तराजूत वजन म्हणून टाकायचे. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा जुन्या राणीछापाचा भाव आणखी वाढला. कडी लावून गळ्यात घातलेली राणी म्हणजे अडीनडीची ठेव. बाजू कुणाची, ते माळेवरून कळायचं नाही.

आमच्याच कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यात होते. २ जानेवारी १९४३ रोजी दोघेही सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. आई सांगायची, बातमी पोशीरला आली त्या दिवशी आजीने चूल पेटवली नाही. माळ मात्र गळ्यात होती तशीच होती.