पायपेटी ते मिडी : कीबोर्ड घेण्याआधी थोडा इतिहास



गेल्या महिन्यातल्या घरगुती मैफिलीनंतर तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला : "घरच्या कॉम्प्युटरवर गाणी करायची आहेत, मिडी कीबोर्ड कुठला घ्यावा?" एकाला फोनवर उत्तर देता देता अर्धा तास गेला, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून काढलेलं बरं. मॉडेल आणि किमती सांगत नाही, त्या सारख्या बदलतात. त्याऐवजी हे यंत्र आलं कुठून ते सांगतो. हा इतिहास माहीत नव्हता म्हणूनच मी एकदा चुकीचा कीबोर्ड घेऊन बसलो होतो.

तीन वर्षांपूर्वी आई-बाबा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून इकडे आले. बाबांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. उजवा हात शाबूत, पण डाव्या हाताने भाता मारणं जमेना. पेटीवर चादर पडली आणि बाबा गप्प गप्प झाले. मी इंजिनियर मुलगा! म्हटलं, भाताच नसलेली पेटी आणू. पंचवीस छोट्या पट्ट्यांचा, लुकलुकणाऱ्या बटणांचा कीबोर्ड मागवला. बाबांनी बोटं ठेवली, दोनदा दाबून बघितलं आणि विचारलं, "अरे, याचा आवाज कुठं गेला?"

कॉम्प्युटर अजून सुरू केला नव्हता. तो सुरू करून दिला, तर म्हणाले, "हाताला पट्ट्या पुरत नाहीत. शिवाय एक स्वर मोठा, एक बारीक वाजतोय. खेळणं आहे हे." कीबोर्ड खोक्यात गेला. पण "आवाज कुठं गेला" हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं ते असं.

हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने घेतलं. ते वाद्य पायाने हवा भरायचं होतं, म्हणजे दोन्ही हात पट्ट्यांवर. आपल्याकडे तीच पायपेटी. खुर्चीवर बसून वाजवायची, त्यामुळे नाटकाला ठीक, पण बैठकीत गैरसोयीची. मग १८८० च्या दशकात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी भाता मागच्या बाजूला, हाताशी आणला. पेटी जमिनीवर आली, उचलून नेता येऊ लागली आणि घरोघर पोचली. पण डावा हात भात्यात अडकला आणि वादन एका उजव्या हातावर आलं. आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वरओळ चालते, म्हणून हा सौदा परवडला.

महाराष्ट्राने तर पेटी आपलीच केली. 'मानापमान'ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे हे नावाजलेले पेटीवादक होते. पुढे अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांनी पेटीच्या साथीला मान मिळवून दिला. आपली भाषासुद्धा पेटीने बदलली. गायकाला स्वर विचारला तर तो "काळी दोन" किंवा "पांढरी चार" म्हणतो, म्हणजे पट्टीचा रंग आणि क्रमांकच सांगतो.

तरी पेटीवरचा आक्षेप जुना आहे. पट्ट्यांचे स्वर ठरलेले, दोन स्वरांच्या मधली वाट नाही, म्हणजे मींड नाही. आणि बाराही स्वर समान अंतरावर बसवलेले, म्हणजे रागाचा नेमका गंधार मिळणं कठीण. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला, रवींद्रनाथ टागोरही विरोधात होते. १९४० मध्ये रेडिओने पेटीला बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं पेटी भजनात होती, मैफलीत होती, फक्त रेडिओवर नव्हती! श्रुतींच्या त्या तक्रारीवर उपाय म्हणून डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात बावीस श्रुतींची पेटी बनवली.

आता अमेरिकेत या. १९७० साली मिनीमूग हा सिंथेसायझर बाजारात आला. त्यावर एका वेळी एकच स्वर वाजायचा, म्हणजे डावा हात मोकळा. त्या हातासाठी पट्ट्यांच्या डावीकडे दोन चाकं बसवली. एक फिरवलं की स्वर वरखाली सरकतो, दुसऱ्याने स्वराला कंप देता येतो. म्हणजे पेटीवर ज्या मींडेसाठी भांडण झालं, ती कीबोर्डवर डाव्या हातात आली.

पुढची अडचण वेगळी होती. एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही. १९८१ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी यावर विचार सुरू केला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अमेरिकन आणि जपानी कंपन्या एकत्र बसल्या आणि जानेवारी १९८३ मध्ये ॲनाहाइमच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा एक सिंथेसायझर वायरने जोडून दाखवले. एकाची पट्टी दाबली, दुसरा वाजला. (भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना डिस्नेलँडला नेतो ना? ते प्रदर्शन भरतं ते कन्व्हेन्शन सेंटर त्याच्या शेजारीच आहे.) या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ साली गेले, स्मिथ २०२२ साली.

मिडी हे असं. पट्टी दाबली की तीन बाइटचा निरोप जातो : कुठल्या चॅनेलवर, कुठली पट्टी, किती जोरात. एकूण १२८ पट्ट्यांचे नंबर. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१, काळी दोन ६३. मूळ वायरचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स, म्हणजे एक निरोप साधारण एक मिलिसेकंदात पोचतो. (आवाज उशिरा येतो अशी तक्रार असेल तर कीबोर्ड बदलू नका, कॉम्प्युटरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर कमी करून बघा.) त्या तारेतून आवाज जातच नाही, फक्त हाताची हालचाल जाते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. पेटीत पट्ट्या, भाता आणि स्वर एका खोक्यात होते, मिडीने ते वेगळे केले. मग लोकांना कळलं की दर वेळी पट्ट्या विकत घ्यायची गरज नाही. रोलंडने १९८४ च्या सुमारास नुसत्या पट्ट्यांचं, आवाज नसलेलं यंत्र काढलं, त्याला नाव दिलं 'मदर कीबोर्ड'. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवण्याचा नियम ठरला आणि स्वर देण्याचं काम कॉम्प्युटरने घेतलं.

तर मुद्दा असा. कीबोर्ड घेताना उजव्या हाताचा विचार सगळेच करतात. तुम्ही डाव्या हाताचाही करा.

पियानो शिकायचा असेल तर दोन्ही हात पट्ट्यांवर असणार, तेव्हा ८८ जड पट्ट्यांना पर्याय नाही. नुसते ताल आणि छोटे तुकडे माऊसच्या मदतीने जोडायचे असतील तर २५ पट्ट्या भरपूर. पण आपल्यातले बरेच जण पेटीवर वाढलेले. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात, म्हणून ४९ पट्ट्यांचा, पूर्ण आकाराचा, हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड बोटांना ओळखीचा वाटतो. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तो भात्याने वाढतो. तेव्हा 'व्हेलॉसिटी' कायम ठेवायची सोय आहे का ते बघा. बाबांची दुसरी तक्रार तिथेच मिटते. ट्रान्सपोजचं बटण हवंच, तो आपला स्केलचेंजर.

मींड हवी असेल तर डावीकडचं पिच बेंडचं चाक खरं, फिरतं हवं. छोट्या कीबोर्डांवर जागा वाचवायला तिथे नुसती बटणं देतात. चाकाला १६,३८४ पायऱ्या असतात, नेहमीची मर्यादा वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर. मोठी मींड हवी तर वाद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वाढवा. हे चाक चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम सरकवतं. एकेरी गाण्याला त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक स्वर वेगळा वाकवायचा असेल तर एमपीई (२०१८ पासून मान्य) जाणणारा कीबोर्ड लागेल, तो महाग असतो. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्तीही जाहीर झाली, पण घरच्या कामासाठी तिच्यावाचून अडत नाही.

शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं : मागची पेडलची भोकं. बहुतेक स्वस्त कीबोर्डांना एकच असतं, तेही सस्टेनचं, म्हणजे चालू किंवा बंद. भात्यासारखा हळूहळू वाढणारा-उतरणारा आवाज हवा तर एक्स्प्रेशन पेडलची सोय लागते. ते चालवतं ती मिडीतली ११ नंबरची कंट्रोल सूचना.

दुसऱ्या खेपेला मी असा ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि एक पेडल आणलं, ट्रान्सपोज करून बाबांचा काळी दोनचा सा लावून दिला. पेडल पायाखाली सरकवलं. बाबांनी पाय दाबला, स्वर फुगला. पाय सोडला, उतरला. एकदम हसले. म्हणाले, "म्हणजे पायपेटीच की ही! आमच्या गावच्या नाटकात होती." मी उत्साहाने चाक दाखवलं, याने मींडसुद्धा येते म्हटलं. त्यांनी ते एकदाच फिरवलं आणि सोडून दिलं. "राहू दे. पेटी पेटीसारखीच वाजू दे."

जाताना कीबोर्ड त्यांच्या बॅगेत घालून दिला. आता गुरुवारी फोन केला की आई म्हणते, "थांब जरा, भजन चालू आहे."

असो. लेख लांबला, सांभाळून घ्या. चूक आढळली तर जरूर कळवा.