बादलीतलं पाणी आणि रांगतं मूल

रांगणारं किंवा नुकतंच चालू लागलेलं मूल बुडायला विहीर लागत नाही, बादलीतलं दोन-तीन इंच पाणीही पुरतं. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं. मूल वाकून पाहतं, तोल जातो, पुन्हा वर येता येत नाही. आवाजही होत नाही.

म्हणून वजू, कपडे-भांडी झाली की बादली पालथी घाला. पाणी साठवावंच लागत असेल तर पिंपाला घट्ट झाकण हवं. बाथरूमला बाहेरून वरची कडी लावा. घरात दावत असेल तेव्हा मुलाकडे कोण पाहणार, हे आधीच ठरवा.

मूल बुडालंच तर उलटं धरू नका, पोट दाबू नका. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा; दुसऱ्याने 108 ला फोन करावा.