लोहाला जोड हवी

रक्त कमी झाले की लोह द्यावे, हे घरोघरी ठाऊक असते. हिमोग्लोबिनच्या गाभ्याशी लोहच असते आणि शरीर त्या बाबतीत भारी काटकसरी! तांबडी पेशी साधारण १२० दिवसांनी मोडते. तिच्यातले लोह नव्या पेशीला मिळते. पण गरोदरपणातला एक पंडुरोग नुसत्या लोहाने हटत नाही.

त्याचा शोध घ्यायला १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. गरीब मुस्लिम बायकांत हा रोग अधिक दिसे. बाईंनी त्यांच्या ताटात डोकावून पाहिले. घरची बाई शेवटी जेवते, उरलेसुरले खाते, हे मी मोहल्ल्यात पाहिले आहे आणि वाड्यांतही.

मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातले नेमके द्रव्य कोणते, हे तेव्हा कुणालाच उमगले नव्हते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून काढलेल्या द्रव्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. ते कमी पडले, तर मज्जेत पेशींचे विभाजनच अडते. मग लोह असून काय उपयोग? आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक आम्लही असते.