फिलिपिनो वंशावळ संशोधन

फिलिपिन्समध्ये पूर्वजांचा माग काढणारा १८४९ पाशी हमखास अडखळतो. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी फर्मान काढले आणि छापील वर्णानुक्रमी यादीतली आडनावे गावोगाव वाटली गेली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावी ‘आर’ने सुरू होणारी आडनावे दाटीने आढळतात, ती त्यामुळेच. आडनाव एक म्हणजे कूळ एक, हा आडाखा इथे साफ फसतो. चार पिढ्या चालत आलेल्या आडनावांना तेवढी सूट होती.

खरी भिस्त चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदवह्यांवर. आगी, वादळे आणि १९४५ची मनिलाची लढाई यांतून वाचल्या तेवढ्याच.

आईचे माहेरचे आडनाव मधले नाव म्हणून लावण्याची प्रथा संशोधकाच्या पथ्यावर पडते. असा माग किती मागे नेता येतो, याचे उदाहरण म्हणजे फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल: त्यांचे पितृकूळ चीनमधून आलेल्या डोमिंगो लाम-को यांच्यापर्यंत पोचते. त्या घराण्याने मेर्कादो हे आडनाव घेतले होते.