क्रीडा-कार्डे

क्रीडा-कार्डे : एका बाजूला खेळाडूचे चित्र, दुसऱ्या बाजूला त्याची माहिती किंवा कामगिरीचे आकडे असलेली आणि मालिकेने छापलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डे. आजचा रूढ आकार २.५ × ३.५ इंच. ती जमवण्याचा छंद प्रामुख्याने अमेरिकेत वाढला. बेसबॉल हा त्याचा कणा; बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकी यांची कार्डे त्याच्या जोडीला आली. मुळात ही कार्डे दुसऱ्या मालाबरोबर फुकट मिळत. त्यांतल्या काहींना आज लिलावात कोट्यवधी रुपये मिळतात आणि काही खोकीच्या खोकी कुणी फुकटही नेत नाही. जुनेपणा किंवा दुर्मीळपणा एवढ्यावर हा फरक उलगडत नाही. कार्ड छापले गेले तेव्हा लोकांनी त्याचे काय केले, यावर त्याची पुढची किंमत बरीचशी ठरलेली आहे.

१८८०च्या दशकात अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्या सिगारेटचे मऊ पाकीट चेमटू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या पुठ्ठ्यावर बेसबॉलपटू, नट्या, मुष्टियोद्धे यांची चित्रे छापली की खपही वाढतो, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. ॲलन अँड गिंटर ही त्यांतली एक आघाडीची कंपनी. ब्रिटनमध्ये विल्स, प्लेअर्स यांनी क्रिकेटपटूंच्या मालिका काढल्या. रणजितसिंहजींची छबी तिथल्या सिगारेट-कार्डांवर झळकली. दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईने ब्रिटनमधली ही प्रथा थांबली.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेली ५२४ कार्डांची मालिका ‘टी-२०६’ या सूची-क्रमांकाने ओळखली जाते. तिच्यातले पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या होनस वॅग्नरचे कार्ड या छंदातले सर्वांत प्रसिद्ध कार्ड होय. वॅग्नरने आपले चित्र वापरायला नकार दिला आणि छपाई अर्ध्यावर थांबली. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, असे एक मत. कंपनीने मोबदला दिला नाही म्हणून, असे दुसरे. आज या कार्डाच्या सुमारे ६० प्रती ज्ञात आहेत. त्यांतली सर्वांत देखणी प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरना घेतली. २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरना विकली गेली. पुढे २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रोने या प्रतीच्या कडा आपणच कापून नीट केल्या होत्या, असे न्यायालयात कबूल केले. कडा कापलेले कार्ड संग्राहकांच्या नियमाने बाद ठरते. आणि पीएसए या प्रतवारी संस्थेच्या प्रतिष्ठेची सुरुवात नेमक्या याच प्रतीपासून झाली होती. २०२२ मध्ये वॅग्नरची दुसरी एक, बरीच झिजलेली पण अस्सल प्रत ७२.५ लाख डॉलरना गेली.

तंबाखूची जागा पुढे च्युइंगमने घेतली आणि गिऱ्हाईक म्हणून मुले आली. बोस्टनच्या गाउडी कंपनीने १९३३ च्या मालिकेतले १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही, त्यामुळे संच पुरा करू पाहणारी मुले पाकिटे घेतच राहिली. तक्रारींची पत्रे आली तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजवेचे ते कार्ड छापून पोस्टाने पाठवावे लागले. उत्पादकाने मुद्दाम घडवलेल्या टंचाईचे हे एक जुने उदाहरण. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स या कंपन्यांत खेळाडूंच्या करारांवरून तंटा पेटला. त्यातून १९५३ मध्ये हीलन लॅबोरेटरीज (म्हणजे बोमनचीच नव्या नावाची कंपनी) विरुद्ध टॉप्स या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने माणसाच्या प्रसिद्धीवर त्याचा स्वतंत्र, विकता येण्याजोगा हक्क मान्य केला. कलावंत आणि खेळाडू आज आपल्या नावाचे व चेहऱ्याचे पैसे मागतात, त्यामागच्या कायद्याची एक मुळी या गमच्या पाकिटात आहे. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनलाच विकत घेतले.

टॉप्सची १९५२ ची ४०७ कार्डांची मालिका साय बर्गर यांनी आखली. मोठा आकार, रंगीत चित्र, संघाचे चिन्ह, मागे आकडे, असा आधुनिक कार्डाचा साचा तिने घालून दिला. मालिकेचा शेवटचा भाग मोसम सरत आला असताना बाजारात आला आणि पडून राहिला. बर्गर यांनी सांगितल्यानुसार, सुमारे १९६० मध्ये गोदाम मोकळे करण्यासाठी उरलेली खोकी बार्जवर चढवून अटलांटिक समुद्रात टाकण्यात आली. त्या भागातले ३११ क्रमांकाचे कार्ड न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटलचे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत १.२६ कोटी डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना विकली गेली. मालकाने ती १९९१ मध्ये ५०,००० डॉलरना घेतली होती.

इथे दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. हे मँटलचे पहिले कार्ड नव्हे. ते बोमनने १९५१ मध्येच काढले होते आणि ते तुलनेने पुष्कळ स्वस्त मिळते. शिवाय छपाईच्या तक्त्यावर मँटलचे चित्र दोनदा घेतलेले असल्याने त्या भागातल्या बहुतेक कार्डांपेक्षा त्याच्या प्रती अधिकच निघाल्या. तरीही भाव त्यालाच आहे. लहानपणी मँटलला खेळताना पाहिलेली पिढी पुढे पैसेवाली झाली आणि तिला हेच चित्र हवे होते. मागणीचे मूळ असे आठवणीत असते, आणि नुसते प्रतींचे आकडे मोजून भाव सांगणाऱ्यांचे अंदाज इथेच चुकतात.

१९८० मध्ये फ्लीअर कंपनीने न्यायालयात टॉप्सची मक्तेदारी मोडली आणि पुढच्या वर्षी फ्लीअर व डॉनरस बाजारात उतरल्या. याच सुमारास जुन्या कार्डांच्या किमतींच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. संख्याशास्त्रज्ञ जेम्स बेकेट यांनी १९८४ मध्ये भाव देणारे मासिक सुरू केले, तेव्हा मुलांच्या हातातले कार्ड मोठ्यांच्या हिशेबाच्या वहीत गेले. १९८९ मध्ये अपर डेकने चकचकीत कागद व होलोग्रामसह सुमारे एक डॉलरचे पाकीट आणले. पहिले कार्ड केन ग्रिफी (धाकटा) या नवोदिताचे. लोक खोकी विकत घेऊन न उघडता कपाटात ठेवू लागले, मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून. कंपन्याही मागणीपुरते छापत गेल्या, आणि मागणी अफाट होती. त्यातच ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलपटूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि प्रेक्षकांबरोबर गिऱ्हाईकही गेले. आज १९८७ ते १९९३ मधली बहुतेक कार्डे छापील दरालाही कुणी घेत नाही. मँटलच्या वेळी कुणी जपून ठेवले नाही. या वेळी सगळ्यांनीच जपून ठेवले.

त्यानंतर टंचाई छापखान्यातच तयार होऊ लागली : क्रमांकित कार्डे, खेळाडूची सही, त्याच्या जर्सीचा तुकडा, जगात एकच प्रत. मार्च २०२५ मध्ये बेसबॉलपटू पॉल स्कीन्सचे, त्याच्या पदार्पणाच्या सामन्यातल्या जर्सीवरची पट्टी लावलेले एकमेव कार्ड ११.१ लाख डॉलरना गेले. लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या मुलाला ते पाकिटात सापडले होते. अशा बातम्यांमागे हजारो रिकामी पाकिटे असतात. महागडे पाकीट एका कार्डाच्या आशेने फोडणे ही सरळ सरळ लॉटरी आहे आणि ती मुलांना छंद म्हणून विकली जाते, ही या व्यवसायाची सर्वांत आक्षेपार्ह बाजू.

प्रतवारीने भावाची घडणच बदलली. संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीच्या समासाचा समतोल तपासून १ ते १० गुण देते आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते. फसवणूक त्यामुळे कमी झाली, हे मान्य करावे लागेल. पण ९ आणि १० यांतला डोळ्यांना जेमतेम दिसणारा फरक किमतीत कित्येक पटींचा होतो. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचे १९८६ चे फ्लीअर कार्ड काही दुर्मीळ नाही. मात्र १० गुणांच्या प्रती तीनशेहून थोड्याच अधिक. २०२० मध्ये टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी जॉर्डनवरचा ‘द लास्ट डान्स’ माहितीपट पाहिला, जुनी खोकी उघडली, आणि जानेवारी २०२१ च्या अखेरीस अशा दोन प्रती प्रत्येकी ७,३८,००० डॉलरना विकल्या गेल्या. मार्चमध्ये साचलेल्या कामामुळे पीएसएला बहुतेक नवी कार्डे घेणे थांबवावे लागले. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत जॉर्डनचा भाव दोन लाख डॉलरच्या आसपास उतरला. कार्ड तेच, गुण तेच, खेळाडूचे आकडेही तेच. ओसरली ती लोकांची घाई. ऑगस्ट २०२५ मध्ये जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्यांचे एकमेव कार्ड १.२९ कोटी डॉलरना गेले आणि मँटलचा विक्रम मोडला.

भारतात या छंदाला अमेरिकेसारखा बाजार लाभला नाही. १९८०-९० च्या दशकांत बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. त्यांवर छापलेल्या धावा आणि बळी जमवून बक्षीस घेण्याची धडपड महाराष्ट्रातल्या त्या पिढीने मनापासून केली. ती चित्रे खिशात चुरगळली, अदलाबदलीत फाटली. कुणाकडे ती उरली असतील तर भाव न विचारता जपावीत. आपल्या क्रिकेटवेडाचा तो अस्सल पुरावा आहे.

‘टी-२०६’ हा क्रमांक देणारे जेफरसन बर्डिक न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूझचे. १९३९ मध्ये त्यांनी अमेरिकन कार्डांची सूची काढली. तिचेच क्रमांक आजही लिलावात वापरतात. आयुष्यभर जमवलेली तीन लाखांहून अधिक कार्डे व छापील कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दान केले आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांनी ते स्वतः अल्बममध्ये चिकटवले. हे काम संपल्यावर थोड्याच आठवड्यांत, १९६३ मध्ये, ते वारले. वॅग्नरचे कार्डही त्या संग्रहात आहे आणि ते विक्रीला नाही.