खाजकुइरी, सर्पगंधा आणि स्वीडनमधले ससे

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. येथील उतारांवर आणि शेतांच्या कुंपणांवर पावसाळ्यात खाजकुइरीचे वेल चढतात, आणि हिवाळ्यात त्यांच्या शेंगांवरची तांबूस-सोनेरी कुसे चमकू लागतात. ही कुसे गुरुजींच्या खुर्चीवर टाकण्याचे पातक ज्यांच्या हातून घडले नाही असे आमच्या पिढीत थोडेच निघतील. याच शेंगेतल्या कवचबीजाचा एका आजाराच्या इतिहासाशी संबंध आहे, हे आम्हांला बरेच उशिरा कळले. आणि कळण्याचे निमित्त सुखाचे नव्हते.

आमच्या मराठी विभागातील एका ज्येष्ठ सरांचे अक्षर जिल्ह्यात नावाजलेले होते. पुढे पुढे त्यांची फळ्यावरची ओळ ठसठशीत सुरू होई आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत मुंगीएवढी बारीक होई. ‘सर, खडू वाचवता काय?’ असा विनोद आम्हीच केला. हिंगाच्या फोडणीचा वास येत नाही, अशी त्यांची घरी तक्रार असे. तीही सर्दीच्या खात्यावर जमा झाली. काही वर्षांनी उजवा हात थरथरू लागला आणि कंपवाताचे निदान झाले. अक्षर बारीक होत जाणे आणि गंधज्ञान हरपणे या दोन्ही गोष्टी या आजाराच्या पाऊलखुणा असतात, हे आम्हांला तेव्हा कळले. अक्षरांवर पोट भरणाऱ्या आम्हां दोघांना समोरच्या फळ्यावरचे अक्षर वाचता आले नव्हते. ही खंत या लेखाच्या मुळाशी आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर छोटा निबंध लिहिला. त्यात सहाच रुग्णांची वर्णने आहेत, आणि त्यांतले काही तर केवळ रस्त्यात दिसलेले. पाहण्यावर उभे राहिलेले हे लेखन आजही वाचनीय वाटते. परंतु शरीरात नेमके काय बिघडते, याचा उलगडा व्हायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली, आणि तो झाला एका भलत्याच वाटेने. ही वाट मुंबईवरून जाते.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात आहे. बिहारात तर ती वेडावरचे औषध म्हणूनच ओळखली जाई. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन आपली निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. रेसर्पिनने रक्तदाब उतरे, मन शांत होई. परंतु काही रुग्णांच्या हालचाली मंदावत, अंग ताठरे, चेहरा निर्विकार होई. औषधाने कंपवाताची नक्कल केली होती!

या नक्कलीचा अर्थ स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी लावला. त्यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे कान पाडून जागच्या जागी बसले. ना भूक, ना भय. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचले, आणि काही मिनिटांतच ते उठून हिंडू लागले. हा प्रयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूत डोपापासून डोपामीन तयार होते आणि त्याच्या अभावी हालचाल गोठते, हे सूत्र त्यातून हळूहळू हाती आले. व्हिएन्नातील ओलेह होर्निकिएविच यांनी १९६० मध्ये कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंत डोपामीनची मोठी तूट दाखवून दिली. पुढल्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा देण्यास आरंभ झाला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सशांची संमती अर्थातच कोणी विचारली नव्हती.

कार्लसन यांच्या प्रयोगाच्या वीस वर्षे आधी, १९३७ मध्ये, मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइरीच्या बियांतून हेच लेव्होडोपा वेगळे काढले होते. त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. कार्लसन यांनी वापरलेला डोपाही बियांतला नव्हे, कृत्रिम रीतीने तयार केलेला होता. तेव्हा ‘आमच्या पूर्वजांना सारे माहीत होते’ अशी टाळी पिटण्यात अर्थ नाही. मात्र मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कवचबीजाचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन १९७८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले, याची नोंद घ्यायलाच हवी. आजार दाखवणारे द्रव्य एका देशी वनस्पतीत होते आणि त्यावरचा उतारा दुसरीत, हा योगायोग आम्हांला मनोज्ञ वाटतो.

आता या सशाकडे साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. विज्ञानात ज्याला प्राणी-प्रतिमान म्हणतात, ते आपल्या परिभाषेत उपमान होय. माणूस उपमेय, ससा उपमान, निश्चलता हा साधारण धर्म. उपमा साधारण धर्मापुरतीच खरी असते. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून त्यावर कोणी डाग शोधत नाही. रेसर्पिन दिलेल्या सशात निश्चलता होती, पण पेशींचा नाश नव्हता. औषध ओसरले की ससा पूर्ववत होई. १९६८ मध्ये उंगरस्टेट यांनी एका विषाने रॅट जातीच्या उंदरांच्या मेंदूतल्या डोपामीनच्या पेशीच मारून दाखवल्या. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचे मादक द्रव्य टोचून घेणारे काही तरुण थोड्याच दिवसांत ताठरून गेले. त्या भेसळीतल्या एमपीटीपी या द्रव्याने माकडांतही तोच आजार उतरवता आला. रॅट मात्र त्याला फारसे बधले नाहीत. पेशींचा नाश आता उपमानात आला, तरी एक धर्म निसटलेलाच राहिला. तो म्हणजे काळ. माणसात हात थरथरू लागतो तेव्हा संबंधित पेशींपैकी निम्म्याच्या आसपास आधीच गेलेल्या असतात. दिवसांत घडवलेले प्रतिमान शेवटचा अंक दाखवते. पहिला अंक दाखवत नाही.

पहिल्या अंकाचा शोध गेल्या पंचवीस वर्षांतला आहे. अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात २००० मध्ये रॅटना रोटेनोन हे कीटकनाशक थोड्या मात्रेने काही आठवडे सतत दिले गेले. त्यांतल्या काहींनाच आजार झाला, सर्वांना नव्हे. आणि हेच आम्हांला खऱ्या आजारासारखे वाटते. अमेरिकेतील शेतीव्यवसायातल्या लोकांच्या २०११ मधील एका अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक हाताळणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. आमचे सर सुटीच्या दिवशी पाठीवर पंप घेऊन स्वतःच्या कपाशीवर फवारणी करीत. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरी ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. २००३ मध्ये जर्मनीतील हायको ब्राक यांनी असे मांडले, की आजाराचा माग हालचालीच्या केंद्रात उमटण्याआधी गंधाच्या कंदात आणि मेंदूच्या तळाशी उमटतो. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या आतड्यात अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाचे विकृत धागे टोचले. काही महिन्यांत विकृती मेंदूपर्यंत पोचली, आणि वाटेतली व्हेगस नस कापलेल्या उंदरांत ती पोचली नाही. पहिल्या अंकातच पडदा पाडता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे. लेव्होडोपाने हालचाल सुधारते. पेशींचे मरण थांबत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सरांकडे गेलो होतो. त्यांनी स्वतःच जुन्या हस्तलिखित टिपणांचा गठ्ठा काढायला लावला आणि म्हणाले, ‘लावा पाहू सालवार.’ बैठकीच्या खोलीत सतरंजीवर आम्ही कागद ओळीने मांडले. अक्षर नेमके कोणत्या वर्षी लहान होऊ लागले, यावर आमच्या दोघांत मतभेद झाला. एकाला २००९ वाटते, दुसऱ्याला २०११. सरांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि २००७ च्या कागदावर थरथरते बोट ठेवले.