खताला न मानणारे फूल

झाडाला खत घातले म्हणून झाड मेले, असे कोणी सांगितले तर आपण त्यालाच वेड्यात काढू. खत कच्चे असेल, नाहीतर मुळाला हुमणी लागली असेल, असे म्हणून मोकळे होऊ. पण ऑस्ट्रेलियात असे एक फुलझाड आहे खरे. त्याच्या बुंध्याशी शेणखताचा ढीग घालावा, वर सुपर फॉस्फेटच्या चार मुठी टाकाव्यात, की त्याची पाने पिवळी पडून करपू लागतात. त्याचे नाव वॉराटा. बागेत आणि मळ्यात त्याला नीट नांदवायला माणसाला फार वर्षे लागली. ती का लागली, हे आज पाहावयाचे आहे.

सिडनी शहराच्या आसपास वालुकाश्माच्या टेकड्या आहेत. जमीन रेताड, पाणी न धरणारी. तेथे विरळ झाडीच्या सावलीत हे झुडूप वाढते. उंची दोन पुरुष, क्वचित थोडी अधिक. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तिकडचा वसंत. त्या दिवसांत प्रत्येक काठीच्या टोकाला तळहाताएवढा लालभडक घुमट येतो. आपण त्याला एक फूल म्हणतो खरे, पण त्यात शंभर-दोनशे बारीक फुले दाटीने बसलेली असतात आणि त्यांच्याखाली लाल पानांची ताटली असते. आपला पळस फुलला की रान पेटल्यासारखे दिसते. वॉराटाचे तसे नाही. तो एकेकटा, मशालीसारखा उभा असतो. मधुभक्षी पाखरे त्याच्यावर येतात. तेथल्या मूळच्या धारुग लोकांचा 'वारादा' हा शब्द, त्यावरून इंग्रजांनी वॉराटा केले. ते लोक या फुलातला गोड रस चोखून पीत.

हे झाड आपल्याला अगदीच परके नाही. पाचगणीला गेलेल्यांनी सिल्व्हर ओकची उंच झाडे पाहिली असतील. नावात ओक असला तरी तो ओक नव्हे. तोही पूर्व ऑस्ट्रेलियातला, आणि वॉराटाच्याच कुळातला. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी म्हणून तो आपल्या देशात आला आणि रुळला.

आता इतिहासाकडे वळू. २६ जानेवारी १७८८ रोजी इंग्रजांची अकरा जहाजे सिडनीच्या खाडीत आली. त्यांत बहुतेक कैदी आणि त्यांच्यावरचे शिपाई. इंग्लंडहून आणलेले बी त्यांनी तेथल्या रेताड जमिनीत पेरले, आणि पीक बुडाले. धान्य आणायला जहाज थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पाठवावे लागले. वर्ष संपण्यापूर्वी शेती आत पॅरामॅटाच्या बाजूला, बऱ्या मातीत, हलवावी लागली. गंमत पाहा, ज्या मातीने माणसाला मूठभर गहू दिला नाही, तिच्यातच वॉराटा डौलाने फुलत होता! त्या उपाशी माणसांना त्यातले कोडे जाणवले नाही, यात त्यांचा दोष नाही. पोट आधी.

फुलाची कीर्ती मात्र लगेच विलायतेला गेली. लिनियन सोसायटीचा संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ याने १७९३ च्या आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवरचे हे पहिले पुस्तक. पुढे १८१० मध्ये रॉबर्ट ब्राउन याने त्याला 'टेलोपिया' हे शास्त्रीय नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'दुरून दिसणारे'. नाव अगदी चपखल. रोपे आणि बीही विलायतेला गेले, पण तेथे वॉराटा फुलणे ही दुर्मिळ गोष्टच राहिली. माळ्याचे पिढीजात ज्ञान असे की, नाजूक पाहुण्याला उत्तम कसदार माती द्यावी. आणि हा पाहुणा तर कदान्नावर वाढलेला!

यातले मर्म असे. ऑस्ट्रेलियाची जमीन फार जुनी आहे. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातले स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धुऊन गेले. उरले ते मातीला घट्ट चिकटलेले. अशा जागी वॉराटाच्या कुळाने एक युक्ती साधली. त्याच्या मुळांना बाटली धुण्याच्या ब्रशासारखे बारीक तंतूंचे झुपके फुटतात. त्यांतून आम्ले पाझरतात, आणि ती मातीला चिकटलेले स्फुरद सोडवून घेतात. १९६० साली हेलन पर्नेल या संशोधिकेने या मुळांना 'प्रोटिऑइड' मुळे हे नाव दिले. कणाकणाने गोळा करायला शिकलेल्या या मुळाला 'पुरे' म्हणणे नीटसे ठाऊक नाही. पुढ्यात भरपूर आले की ते ओढतच राहते, आणि झाडाला विषबाधा होते. दुष्काळात उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालू नये, हे आपली जुनी माणसे सांगत. तसाच काहीसा प्रकार.

दुसरी गोष्ट वणव्याची. वॉराटाच्या बुंध्याशी, जमिनीत, एक लाकडी गड्डा असतो. वणव्यात वरचे सारे जळून गेले तरी त्या गड्ड्यातून नवे धुमारे फुटतात आणि साधारण दोन वर्षांनी ते फुलतात. २०१९-२० च्या भीषण वणव्यांत सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लू माउंटन्सच्या रानाचा फार मोठा भाग जळाला. त्या राखेतही वॉराटाला पालवी फुटली.

मग अशा झाडाला भीती कशाची? माणसाच्या हौसेची. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एक होऊन नवे राष्ट्र झाले आणि राष्ट्राचे फूल कोणते, हा वाद सुरू झाला. एका बाजूला वॉटल, म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातले पिवळ्या गोंड्यांचे झाड. दुसऱ्या बाजूला वॉराटा. सिडनीच्या तंत्र-संग्रहालयाचे आर. टी. बेकर यांनी वॉराटाची बाजू हिरिरीने मांडली. त्यांचे म्हणणे, वॉटलच्या जातीची झाडे आफ्रिकेतही आहेत. वॉराटा फक्त आमचा. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण फुलांची आवड युक्तिवादाने थोडीच ठरते! वॉटल देशभर दिसतो, वॉराटा एका कोपऱ्यात. १९८८ मध्ये वॉटलच अधिकृत राष्ट्रीय फूल झाले. न्यू साउथ वेल्स राज्याने मात्र १९६२ मध्ये वॉराटाला आपले राज्यफूल केले होते.

या कौतुकाची किंमत रानाने दिली. वसंतात सहलीला गेलेली माणसे हातभर फुले घेऊन परतत. विक्रेते रानातून भारे तोडून शहरात विकत. फूल गेले म्हणजे बी गेले, आणि कोणी गड्ड्यासकट उपटले तर झाडच गेले. शेवटी १९२७ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये रानफुलांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि वॉराटाला संरक्षण मिळाले. पण नुसत्या बंदीने हौस मरत नाही. लोकांना फूल हवे, तर ते कोणी तरी लावून वाढवले पाहिजे.

हे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत एक शिक्षिका होत्या, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. थिसल हॅरिस त्यांचे नाव. सिडनीच्या अध्यापक महाविद्यालयात त्या शिकवीत. १९३८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या रानफुलांवर पुस्तक लिहिले, आणि पुढे देशी झाडे बागेत कशी लावावीत यावरही लिहिले. ज्या काळी चांगली बाग म्हणजे गुलाब आणि हिरवळ अशी समजूत होती, त्या काळी त्या हे सांगत होत्या. १९६२ मध्ये बार्गो येथे त्यांनी विरिंबिरा हे अभयारण्य उभे केले. पांढऱ्या वॉराटाचा एक दुर्मिळ वाण त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याची वाढ कलमांनी करतात. १९५७ मध्ये देशी झाडे लावणाऱ्या हौशी लोकांची एक संस्था निघाली. कोणते झाड कोठे जगले, कोठे मेले, हे ही मंडळी एकमेकांना कळवू लागली. अनुभवाचा साठा असा वाढत गेला.

त्यांतून जी रीत ठरली ती शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. जमीन निचऱ्याची हवी. पाणी साचले की मूळकुज्या बुरशी झाड घेऊन जाते. खत बेताचे, स्फुरद अगदी कमी असलेले, सावकाश विरघळणारे. बियांपासून केलेल्या झाडाला फूल यायला चार-पाच वर्षे धीर धरावा लागतो. कडक ऊन लागले तर फुलाखालची लाल पाने तपकिरी पडून माल कमी दराने जातो, म्हणून मळेवाले वर जाळीची सावली करतात. आणि फूल तोडताना काठी चांगली लांब, खालपर्यंत कापतात. रानात जे काम वणवा करतो ते मळ्यात कात्री करते. कापल्या जागेखालून नवे फुटवे जोमाने येतात आणि पुढल्या वसंतांना त्यांवर फुले धरतात.

आज वॉराटाचे मळे ऑस्ट्रेलियाबाहेर न्यूझीलंड, हवाई येथेही आहेत. कापलेले फूल पाण्यात बरेच दिवस टिकते, म्हणून ते लांबच्या बाजारालाही जाते. नवा मळा घालणारा जाणता माणूस जमीन घेण्यापूर्वी माती तपासून घेतो आणि शेजाऱ्यांना विचारतो, येथे पूर्वी काय पिकत होते? गव्हाचे किंवा भाजीचे रान असेल आणि वर्षानुवर्षे सुपर फॉस्फेट पडलेले असेल, तर तो ती जमीन सोडतो आणि पलीकडची, कोणी न कसलेली रेताड टेकडी पाहायला जातो.